एका झाडाचा हार

दुसऱ्याने जिभेला लगाम घालावा, असं सुभद्राबाई गल्लीत सगळ्यांना सांगत असे. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र तो लगाम कुठे राहिला कोण जाणे.

गुजरातेत कोसाडच्या अलीकडे, अमरोलीकडून येणाऱ्या रस्त्याला लागून बैठ्या घरांची ही गल्ली होती. निम्मी घरं खानदेशातली, उरलेली मराठवाड्यातली. पुरुष माणसं मागाच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, बायका घरी बसून साड्यांना टिकल्या लावायच्या. प्लेगच्या साली ही सगळी गल्ली कुलपं लावून आपापल्या गावी पळाली होती. परत आली तेव्हा एकमेकांची तोंडं धडधाकट पाहून सगळ्यांना इतकं बरं वाटलं, की गल्लीने ठरवून टाकलं, आता दरवर्षी गणपती बसवायचा.

दुसऱ्याच वर्षी हाराचा घोटाळा झाला. मंडळाचा पुढारी पंडित टेम्पो चालवायचा. त्याने सकाळी पर्वत पाटियाच्या बाजारातून जास्वंदीचा भलाथोरला हार आणला खरा, पण आणताना ठेवला टेम्पोच्या इंजिनाच्या झाकणावर. गल्लीत पोचेपर्यंत फुलांचं वांग्याचं भरीत झालं होतं. गुरुजींनी हार नीट करायला हात लावला, आणि देवाच्या गळ्यात नुसता दोरा उरला.

सुभद्राबाई पुढेच उभी होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "पुढच्या वर्षी पहिल्या दिवसाचा हार माझ्या झाडाचा! बाजारच्या फुलाला कोणी हात लावायचा नाही."

मागून समोरच्या घरची मराठवाड्याकडची प्रमिलाबाई म्हणाली, "एका झाडाचा हार? देवाला का त्याच्या उंदराला?"

सगळी गल्ली हसली. गुरुजीही हसले. पंडितला तर आपली चूक झाकायला बरंच झालं. त्याने लगेच माइक हातात घेऊन जाहीर केलं, "पुढल्या वर्षीचा पहिला हार, राघो भिलांच्या घरचा!" टाळ्या पडल्या. राघो, म्हणजे सुभद्राबाईचा नवरा, टाळ्या ऐकून सगळ्यांबरोबर स्वतःही टाळ्या वाजवायला लागला. मागांच्या खडखडाटात वर्षं काढल्याने त्याचे कान गेले होते. काय कबूल झालंय हे त्याला घरी आल्यावर कळलं.

"एका झाडाचा?" त्यानेही तेच विचारलं.

"तुम्ही तरी विचारू नका," ती म्हणाली.

झाड तिच्या मोरीशेजारी होतं. कोसाड गावातल्या एका गुजराती काकीने तिला काडी दिली होती. "जासूद छे, बेन, गमे त्यां ऊगशे," म्हणजे कुठेही लावा, येईल. तशी ती आली. गावठी जास्वंद, पाच पाकळ्यांची, कुंकवासारखी लाल. पाकळीला झालर नाही, दुहेरी काही नाही. पण दारातून जाणारा माणूस एकदा वळून बघायचाच.

सुभद्राबाई माहेरी कपाशीत वाढलेली. जास्वंद काय नि कपाशी काय, तिला दोन्ही एकाच घरच्या बहिणी वाटायच्या. तसंच पान, तशीच कळी, तीच दुखणी. शेंडा खुडला की कपाशी फुटते, म्हणून तिने जास्वंदीचे शेंडे खुडले. एका फांदीच्या तीन झाल्या. कळ्या पिवळ्या पडून गळायला लागल्या तेव्हा तिने मोरीचं पाणी दुसरीकडे वळवलं, कारण मुळाशी पाणी साचलं की कपाशीचीही पाती, म्हणजे कळ्या, गळतात. उकळलेली चहापत्ती धुऊन बुंध्याशी, कांद्याची सालं भिजवून त्याचं पाणी, गोठ्यातून आणलेलं शेण वाळवून चुरून. राघो म्हणायचा, "मला एवढं जपलं असतं तर मला पण कळ्या आल्या असत्या."

दिवाळीनंतर झाडाला पिठ्या लागला. फांद्यांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके, आणि त्यांच्यामागे मुंग्यांची रांग. सुभद्राबाईने जुना दातांचा ब्रश घेतला, साबणाचं पाणी केलं आणि एकेक फांदी घासली, जसं लेकराला परीट घडीचं करून शाळेत पाठवायचंय. तरी हटेना. शेवटी तिने मन घट्ट केलं आणि झाडावरचं पान न् पान काढलं, किडके शेंडे तोडून जाळले. झाडाच्या नुसत्या काड्या उभ्या राहिल्या. पण नखाने साल खरवडली की आत हिरवी. "झोपू दे महिनाभर," ती राघोला म्हणाली. "माघात डोळे फुटतील."

आणि नेमकी तेव्हाच कडोदऱ्याला दिलेल्या तिच्या लेकीची, हर्षदाची, सासू पाय मोडून पडली. घरात लहान लेकरू. सुभद्राबाई पिशवी भरून लेकीकडे गेली. जाताना राघोला चारदा सांगून गेली, झाडाला रोज तांब्याभर पाणी. राघोने चारदा मान हलवली. किती ऐकलं ते त्यालाच ठाऊक.

ती तिकडे असताना गावाहून भिकन आला.

भिकन म्हणजे राघोचा धाकटा भाऊ. शिरपूरकडे शेती सांभाळणारा, उमदा, आणि हातांना एक घटका स्वस्थता नसलेला माणूस. पाहुणा म्हणून आला तरी त्याने पहिल्या दिवशी छपराची पन्हळ बसवली, दुसऱ्या दिवशी दाराची कडी. तिसऱ्या दिवशी त्याची नजर मोरीकडे गेली.

सुभद्राबाई परतली तेव्हा भिकन ओट्यावर उभा होता. पोरगा पहिल्या नंबराने पास झाल्यावर उभा राहतो तसा.

"वहिनी, देखा! बठ्ठं साफ करी टाकं," तो म्हणाला, म्हणजे सगळं साफ करून टाकलं.

तिने पाहिलं. मोरीशेजारची जागा चुलीपुढच्या जमिनीसारखी सपाट होती. वर वाफा पाडून मेथी पेरलेली.

"हाई काय करं, भिकनभाऊ?"

"तठे पऱ्हाटी वाळी जायेल व्हती ना, ती उपाडी टाकी."

पऱ्हाटी. कपाशीची वेचणी संपली की शेतात ज्या वाळक्या काड्या उरतात त्या. खानदेशचा माणूस त्या दिसल्या की उपटतो, मोळ्या बांधतो, भाऊबंदांत चुलीला वाटून टाकतो. शेत रिकामं करायचं, नाहीतर लोक आळशी म्हणतात. राघो खात्यात गेलेला असताना भिकनने तेच केलं होतं. कुदळीने मूळ काढलं, तोडून हात-हातभर काड्या केल्या, राघोने खात्यातून आणलेल्या रंगीत सुताच्या गुंत्याने मोळ्या बांधल्या आणि दारोदार वाटल्या. सगळ्या गल्लीने 'किती गुणाचा माणूस' म्हटलं.

"ती पऱ्हाटी नव्हती!" सुभद्राबाईचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. "माझी जास्वंद होती ती! गणपतीच्या हाराची!"

भिकनचा चेहरा उतरला. "पान नही, फूल नही. माले काय म्हाईत, वहिनी?"

खरं होतं ते. तिलाही ते कळत होतं, आणि म्हणूनच राग जास्त आला. ती दुसऱ्याच्या चुलीवर जाऊन काड्या मागायला निघाली, अर्ध्या वाटेतून परत फिरली. काय सांगणार? ज्या प्रमिलाबाईसमोर बढाई मारली, तिच्या दारात जाऊन झाडाची हाडं मागायची?

त्या दिवसापासून ती भिकनशी बोलायची बंद झाली. जे सांगायचं ते राघोतर्फे.

"तुमच्या भावाला सांगा, भाकरी वाढली आहे."

"काय?"

"भाकरी! वाढली आहे! भावाला सांगा!"

राघोला ऐकू जाईपर्यंत भिकन पाटावर बसून दुसरा घास घेत असायचा. तरी राघो वळून त्याला निरोप द्यायचाच. भिकन तोंडातला घास गिळून "हां" म्हणायचा. पाचव्या-सहाव्या दिवशी तो बिचारा गावी निघून गेला. जाताना वहिनीच्या पाया पडला. तिने भिंतीला आशीर्वाद दिला.

मेथी उगवली, जोरात उगवली. सुभद्राबाईने तिची भाजी केली आणि स्वतः खाल्ली नाही.

आता हाराचं काय? नवी काडी लावावी तर कोसाडची ती काकी मुलाकडे नवसारीला राहायला गेली होती, आणि तिच्या जुन्या घराच्या जागी इमारतीचा पाया खणला होता. कोणाच्या बंगल्यावर जाऊन काडी मागावी, तर तोंड उघडवेना. लोक विचारत नव्हते, हे आणखी वाईट. पंडित समोरून आला की मोठ्याने खाकरून आकाशाकडे बघायचा. त्याने टेम्पोत हार ठेवायला एक थर्माकोलचा डबा घेऊन ठेवलाय, असं तिच्या कानावर आलं.

होळीच्या दिवशी गल्लीतली पोरं दारोदार लाकूडफाटा मागत फिरत होती. तुटकी खुर्ची, खात्यातल्या फुटक्या बॉबिन, पुठ्ठे, जे मिळेल ते. सुभद्राबाई पुरणाची डाळ शिजायला ठेवून दारात आली, तर समोर प्रमिलाबाई कंबर कसून उभी. तिच्या दारात कोथिंबिरीचा छोटा वाफा होता. कोंबड्यांनी उकरू नये म्हणून तिने त्याच्याभोवती काड्या रोवून कुंपण केलं होतं. कोथिंबीर आता फुलावर येऊन संपली होती.

"घ्या रे, हे कुंपण पण घ्या," प्रमिलाबाई पोरांना म्हणाली आणि तिने पहिली काडी धरून उपटली. उपटायला जोर लागला. तिला नवल वाटलं, तिने परत जोर लावला.

काडीला रंगीत सूत गुंडाळलेलं होतं. पिवळं, गुलाबी, मोरपंखी. सुभद्राबाईने ते सूत ओळखलं. मग तिने काडीचा वरचा भाग पाहिला. तिथे, मुगाएवढा, हिरवा डोळा होता.

डाळ उतू गेली असेल तर गेली. ती गल्ली ओलांडून अशी धावली, की राघोच्या आयुष्यात त्याने तिला तशी धावताना कधी पाहिली नव्हती.

"थांब! प्रमिलाबाई, हात काढ!"

"काय ओ बाई, काय झालं? साप निघाला का?"

सुभद्राबाईने तिच्या हातातली काडी घेतली. टोकाला माती चिकटली होती, आणि मातीतून पांढरी, केसासारखी, ओली मुळं बाहेर डोकावत होती. तिने ती ओंजळीत धरली. 

"जिवंत आहे," ती म्हणाली. "ही माझी जास्वंद आहे."

"तुझी कशी? मपल्या दारात आहे. भिकनभाऊंनी मला दिली ती काडी. जाळायला गेले, तर जळेचना. नुसता धूर. डोळे फुटायची वेळ आली माझी. म्हणून कुंपणाला रोवल्या. कोथिंबिरीला रोज पाणी घातलं ते मी."

"तू कोथिंबिरीला घातलंस."

"काडीने काय तोंड फिरवलं होतं?"

पोरं दोघींकडे बघत उभी राहिली. शेजारची शोभाबाई बाहेर आली. गणपतीपुढचं ते हसणं सुभद्राबाईच्या कानात होतंच. पण हातात मुळं होती.

"प्रमिलाबाई," ती म्हणाली, "तुझ्या पाया पडते. कुंपण उपटू नको."

प्रमिलाबाई बघतच राहिली. तिला भांडण हवं होतं, आणि समोरच्या बाईने हत्यारच खाली ठेवलं.

"अगं, पाया काय पडतेस बाई," ती गडबडून म्हणाली. "राहू दे की. त्याच्यावाचून होळी कुठं अडलीय? पण एक सांगते. झाडांचं मला काही कळत नाही. तू रोज सकाळी यायचं, तूच पाणी घालायचं, तूच काय खुडायचं ते खुडायचं. आणि चहा मपल्याकडं घ्यायचा. फुकट राबवून घेतलं म्हणून उद्या तू गल्लीभर सांगशील."

शोभाबाई मध्येच म्हणाली, "थांबा गं. माझ्या वालाच्या वेलाला पण त्याच काड्या आहेत."

मग सगळी गल्लीच काड्या शोधायला लागली. शोभाबाईच्या वालपापडीच्या वेलाखाली आधाराच्या काड्यांना पानं फुटली होती, पण वेलाच्या पानांत ती कोणाला दिसली नव्हती. टोकाच्या घरी एक काडी तुळशीच्या कुंडीत, माती ढवळायला म्हणून खोचलेली, तीही जगली होती. एका घरी बकरी बांधायला ठोकलेली काडी मात्र बकरीनेच खाल्ली होती. एक-दोघींच्या खरोखर जळून गेल्या होत्या. त्या बायका जीभ चावत राहिल्या.

त्या रात्रीच्या होळीत फुटक्या बॉबिन तेवढ्या जळल्या.

दुसऱ्या दिवसापासून सुभद्राबाईची फेरी सुरू झाली. पदर खोचून, हातात डबा आणि दातांचा ब्रश. "प्रमिलाबाई, शेंडा खुडते गं." "शोभाबाई, वेल आता काढ, याला ऊन लागू दे." "कुंडीत नको, जमिनीत लाव, मूळ मोकळं झालं पाहिजे." सुरुवातीला बायका हसायच्या, डॉक्टरीणबाई आल्या म्हणायच्या. मग हळूहळू त्याही शिकल्या. वैशाखात दुपारच्या उन्हाने पानं माना टाकायला लागली तेव्हा प्रमिलाबाईने स्वतःची जुनी साडी बांधून सावली केली, आणि सुभद्राबाईला सांगायला आली, जणू तिने दवाखाना बांधला.

"टिकल्या निघालेली साडी आहे," ती म्हणाली. "पण रंग शोभतो का नाही बघ."

आषाढात पहिली कळी आली, ती प्रमिलाबाईच्याच दारात. ती पहाटे सुभद्राबाईचं दार वाजवायला आली. दोघी उकिडव्या बसून बघत राहिल्या. फूल उमललं, आणि प्रमिलाबाई म्हणाली, "बाई, हे तर कुंकवाच्या करंड्यासारखं दिसतं." त्या दिवशी चहा दोनदा झाला.

श्रावण संपता संपता पाऊस असा लागला की गल्लीत घोट्याएवढं पाणी साचलं. आणि कळ्या गळायला लागल्या. रोज सकाळी झाडांखाली पिवळ्या पडलेल्या कळ्या. गणपती तोंडावर आलेला. सुभद्राबाई पावसातच खुरपं घेऊन निघाली. दारोदार आळी मोडली, चर काढले, झाडाच्या बुंध्याशी मातीचा उंचवटा केला. राघो रात्रपाळी करून आला होता, तोही पाटीने माती वाहायला लागला. "कपाशीचीच तऱ्हा," तो ओरडून म्हणाला, कारण तो नेहमी ओरडूनच बोलायचा, "पाणी बुडाशी राहिलं की पातं गळतं!" गल्लीतले खानदेशी पुरुष ते ऐकून बाहेर आले. हे त्यांच्या ओळखीचं दुखणं होतं. प्रत्येकाने आपापल्या दारातलं पाणी काढलं. कळ्या थांबल्या. पण किती उरल्या, आणि नेमक्या त्याच दिवशी उमलतील का, हे कोण सांगणार?

चतुर्थीच्या पहाटे उघाड होती. सुभद्राबाई आंघोळ करून ओलेत्या केसांनी बाहेर आली तर दिव्याच्या खांबाखाली बायका उभ्या. प्रत्येकीच्या हातात ताट. प्रमिलाबाईचं ताट भरलेलं. शोभाबाईच्या ताटात त्याहून कमी. टोकाच्या घरची सूनबाई दोनच फुलं घेऊन लाजत उभी. एकटीच्या फुलांचा हार कोणाचाच होण्यासारखा नव्हता.

"बसा," सुभद्राबाई म्हणाली. "जिची तिने ओवा. मधे दूर्वा घाला."

राघोने खात्यातून ताण्याचं पक्कं सूत आणलं होतं. जिची तिने ओवली. कोणाचा तुकडा वीतभर, कोणाचा हातभर. मग राघो मांडी घालून बसला. मागावर धागा तुटला की डोळे मिटून गाठ मारणारी त्याची बोटं. त्याने एका तुकड्याचं टोक दुसऱ्याला जोडलं. गाठ शोधूनही सापडली नसती. शेवटचं टोक जोडून त्याने हार उचलला, तर तो त्याच्या खांद्यावरून खाली मांडीपर्यंत आला.

पंडित टेम्पो घेऊन बाजाराला निघाला होता, थर्माकोलचा डबा शेजारच्या सीटवर. त्याने हार पाहिला आणि चावी काढून घेतली.

गणपतीच्या गळ्यात हार पडला. पोटावरून खाली आला, लाल, ताजा, दवाचे थेंब तसेच. पंडितने माइक घेतला. "बोलल्याप्रमाणे पहिल्या दिवसाचा हार... आता हा कोणाच्या घरचा म्हणायचा?" तो अडला. "सुभद्राबाई, तुम्ही एका झाडाचा म्हणाला होता."

सुभद्राबाईने प्रमिलाबाईकडे पाहिलं.

"एकाच झाडाचा आहे," प्रमिलाबाई ठसक्यात म्हणाली. "भिकनभाऊंनी ते जरा लांब-लांब लावलं, एवढंच. वाजव घंटा."

हशा असा उठला की गुरुजींना आरतीचा सूर दोनदा धरावा लागला. आणि त्या हशात मागच्या बाजूने एक ओळखीचा आवाज आला. भिकन सकाळच्या एसटीने आला होता. हातात पिशवी, पिशवीत शिरपूरहून आणलेलं जास्वंदीचं रोप, नीट ओल्या फडक्यात गुंडाळलेलं. तो एकदा हाराकडे बघत होता, एकदा दारोदारच्या झाडांकडे. काही कळत नव्हतं, पण लोक त्याच्या पाठीवर थाप मारत होते म्हणून तोही हसत होता.

राघो त्याला पाहून धावला. "अरे, तुझी वहिनी म्हणते..." त्याने सवयीने मागे वळून सुभद्राबाईकडे निरोपासाठी पाहिलं.

सुभद्राबाईने नवऱ्याला हाताने बाजूला केलं. भिकनच्या हातातली पिशवी घेतली, रोप बाहेर काढलं, पान उलटं करून पिठ्या आहे का पाहिला. नव्हता.

"भिकनभाऊ," ती म्हणाली, "पौष महिनामा या. बठ्ठास्नी छाटणी करनी शे."

भिकनचा चेहरा फुलला. "येसू, वहिनी! नक्की येसू!"

"या," ती म्हणाली. "कुदळ मात्र गावलेच ठेवा."